शंभराच्या बाँडवर लग्न मोडत नसतं

वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

प्रश्न : माझं लग्न सतराव्या वर्षी झालं. आता सत्तावीस चालू आहे. नवऱ्यासंगं सात हंगाम ऊस तोडला. तीन वर्षांमागं माझी गर्भाची पिशवी काढली, तेव्हापासून मोळी उचलवत नाही. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा म्हणायला लागला, कोयता अर्धाच राहिला. दोन वर्षांपूर्वी गावातल्या पाच माणसांनी बसून शंभराच्या स्टँपपेपरवर, म्हणजे बाँडवर, फारकत लिहून घेतली. मी सही केली. महिन्याभरात त्यानं दुसरं लग्न केलं. आठ वर्षांची मुलगी माझ्याजवळ आहे. टोळी नेणारा मुकादम म्हणतो, हंगामाआधी घेतलेली निम्मी उचल तुझी, तू फेड. वडील म्हणतात, चांगलं स्थळ आलंय, पाट लावून देऊ, म्हणजे दुसरं लग्न. मला काही हक्क राहिलाय का?
— एक भगिनी, केज तालुका

उत्तर : ताई, तुम्ही पत्रासोबत त्या बाँडची झेरॉक्स पाठवली, फार बरं केलं. मी अंबाजोगाईच्या कोर्टात बावीस वर्षं उभी राहते. असे बाँड किती पाहिले याचा हिशेब नाही, पण मजकूर बहुतेक एकच असतो. तुमच्याही कागदावर तोच आहे : "आम्ही उभयता राजीखुशीने, कोणाच्याही दाबदडपणास बळी न पडता, नशापाणी न करता लिहून देतो की, आजपासून तुमचा आमचा कसलाही संबंध राहिला नाही, अन्नवस्त्र मागणार नाही." खाली पंचांच्या पाच सह्या, तुमची वाकडीतिकडी सही आणि नवऱ्याची सही. मी मात्र आधी कागद उलटा करून पाहिला. मागं मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का असतो आणि बाँड कोणी, कोणत्या तारखेला घेतला ते लिहिलेलं असतं. तुमचा बाँड दिराच्या नावावर घेतलेला आहे, तोही बैठकीच्या नऊ दिवस आधी. म्हणजे राजीखुशी आधीच विकत आणून ठेवली होती. ती तारीख तुमच्या कामाची आहे. झेरॉक्स जपून ठेवा आणि मूळ कागद कोणाकडे आहे त्याचा तपास लावा.

आता मुद्द्याचं. या कागदानं तुमचं लग्न मोडलेलं नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली लग्न मोडतं ते कोर्टाच्या हुकूमनाम्यानं. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. बाँड शंभराचा असो की ऑक्टोबर २०२४ पासून आलेला पाचशेचा, नोटरीचा शिक्का असो वा नसो, फरक पडत नाही. एक अपवाद कायद्यातच, कलम २९ मध्ये आहे : एखाद्या समाजात सोडचिठ्ठीचा जुना, सतत पाळलेला रिवाज असेल तर तो मान्य होतो. पण तो रिवाज आहे हे सांगणाऱ्यानं कोर्टात पुराव्यानिशी शाबीत करावं लागतं. "आमच्यात असंच चालतं" एवढ्यावर भागत नाही, आणि बहुतेकांना ते शाबीत करता येत नाही. (अनुसूचित जमातींना हा कायदा केंद्राच्या अधिसूचनेशिवाय लागू होत नाही, त्यांचा रिवाज वेगळा पाहावा लागतो.) आपल्याकडं कर्ज फिटल्याच्या पावतीलाही फारकतच म्हणायचे. बाईचं आणि कर्जाचं खातं एकाच शब्दात बंद करायची ही सवय मला कधीच आवडली नाही.

म्हणजे तुम्ही अजून त्याची कायदेशीर बायको आहात. याचे दोन अर्थ निघतात, एक तुमच्या फायद्याचा आणि एक धोक्याचा.

धोक्याचा आधी सांगते, कारण वडील स्थळ बघतायत. पाट लावू नका. लग्न उभं असताना दुसरं केलं तर ते कायद्यानं रद्दबातल, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा, बाई असो की पुरुष. उद्या तुम्ही पोटगी मागितली की नवऱ्याचा वकील पाटाचे फोटो घेऊन उभा राहील. मी हे घडताना पाहिलं आहे. बाई खरी होती, छळ खरा होता, आणि केस एका मोबाइलमधल्या फोटोवर बसली.

हेच कलम तुमच्या नवऱ्यालाही लागतं. पण दुसऱ्या लग्नाचा गुन्हा शाबीत करणं सोपं नाही. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातलंच भाऊराव लोखंडे प्रकरण गेलं होतं. दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झाल्याचं, किंवा त्यांच्याशिवाय लग्न लागण्याचा रिवाज असल्याचं शाबीत झालं नाही, म्हणून आरोपी सुटले. तेव्हा नुसतं "घरात आणून ठेवली" म्हणून चालत नाही. लग्नपत्रिका, मांडवाचे फोटो, वाजंत्रीवाला, लग्न लावणारा, जेवलेली चार माणसं असं जमवावं लागतं. पोलीस याची थेट दखल घेत नाहीत, तक्रार न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावी लागते. म्हणून मी बायकांना सांगते की या कलमाच्या मागं लागून पोटगीची केस मागं ठेवू नका. त्याला जेल झाली तरी तुमच्या मुलीच्या शाळेची फी त्यातून निघत नाही.

आता फायद्याचा अर्थ. बायको म्हणून तुम्हाला पोटगीचा हक्क आहे, मुलीला तिचा वेगळा. पूर्वी याला "एकशे पंचवीस" (फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५) म्हणायचे, कोर्टातले जुने शिरस्तेदार अजून तसंच म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. अर्ज तुम्ही राहता तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा. अंतरिम पोटगीचा अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं कायदाच सांगतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, हेही सांगून ठेवते. पण २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं आहे की पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. म्हणून उशीर कोर्टाचा झाला तर चालेल, तुमचा नको. दोघांनी आपापल्या मिळकतीचं शपथपत्र द्यायचं, हेही त्याच निकालातलं. नवरा लिहील, "मी गरीब मजूर, उत्पन्न नाही." धडधाकट नवऱ्यानं अंगमेहनत करून का होईना बायकोला पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलं आहे. तुमचा नवरा तर दरवर्षी नव्या कोयत्यावर उचल घेतो. उचलीच्या कराराची नक्कल किंवा फोटो मिळाला तर तोच त्याच्या उत्पन्नाचा पुरावा.

आणि इथंच त्या बाँडचा खरा डंख आहे. नवराबायको आपसात संमतीनं वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी नाही, असं याच कलमात लिहिलेलं आहे. म्हणजे तो कागद लग्न मोडत नाही, पण "राजीखुशीने" हा शब्द तुमच्यावर उलटवता येतो. घटस्फोट म्हणून कुचकामी आणि पोटगी अडवायला उपयोगी, असा तो दुधारी कागद. कोर्टातून रीतसर परस्पर संमतीनं घटस्फोट घेतलेल्या बाईला मात्र ही आडकाठी लागत नाही, ती पुन्हा लग्न करेपर्यंत पोटगी मागू शकते. तुमच्या अर्जात म्हणूनच स्पष्ट लिहायचं : सही दबावाखाली झाली, बाँड दिरानं नऊ दिवस आधी घेतला, आणि महिन्यात नवऱ्यानं सवत आणली. नवऱ्यानं दुसरी केली असेल तर बायकोनं वेगळं राहणं रास्त, हेही त्याच कलमात आहे. "अन्नवस्त्र मागणार नाही" ही ओळ विसरून जा, असा हक्क लिहून सोडता येत नाही.

पोटगीचा हुकूम झाला की वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा, हे डोक्यात पक्कं ठेवा. पुष्कळ बायका "येईल, देईल" म्हणत दोन वर्षं घालवतात आणि मागची रक्कम हातची जाते. हुकूम झाल्यानंतर एक वर्ष पुन्हा एकत्र नांदलात नाही, तर तेवढ्या कारणावर तुम्हाला घटस्फोट मागता येतो. हा मार्ग फक्त बायकोला आहे, आणि वकीलही तो विसरतात. क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून दिल्याचं कारणही तुमच्याकडे आहेच. सतराव्या वर्षीचं लग्न बालविवाह म्हणून रद्द करून घ्यायची मुदत वीस वर्षांचं होईपर्यंत होती, ती गेली.

घटस्फोट लगेच घ्यायचा का? माझं मत विचाराल तर पुन्हा लग्न करायचं असेल तर आधी घ्या. नसेल करायचं तर घाई नको. घटस्फोट झाला की तुम्ही त्याच्या वारस राहत नाही. आज त्याला काही झालं तर वारस फेरफारात पहिलं नाव तुमचं आणि मुलीचं. सवतीच्या लेकरांचाही बापाच्या मिळकतीत हक्क आहे, त्यांच्यावर राग धरू नका.

उचलीचं एका वाक्यात : करारावर तुमची सही नसेल तर ती उचल तुमची नाही. आणि उचल फिटेपर्यंत माणूस कामाला बांधून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे. मुकादमाला हे तोंडी सांगू नका, तालुक्याला तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पंचांनी वाळीत टाकण्याची किंवा दंडाची भाषा केली, तर त्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे.

पैशाची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टातच समितीचं ऑफिस असतं, फोन १५१००. पोटगी, घटस्फोट, छळ आणि मिळकतीच्या दाव्यांत महाराष्ट्रात बाईला कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. येताना लग्नाची पत्रिका, फोटो, रेशनकार्ड, मुलीचा जन्मदाखला आणि शाळेच्या निर्गम उताऱ्यावरचं बापाचं नाव, जे असेल ते आणा.

एक व्यवहाराची गोष्ट. अर्ज आता, ऊसतोडीच्या गाड्या निघण्याआधी करा. दिवाळीनंतर समन्स घेऊन बेलीफ गावात गेला की घराला कुलूप आणि शेरा पडतो "इसम ऊसतोडीस गेला". माझ्या डायरीत नोव्हेंबर ते मार्च अशी निम्मी पानं वाया जातात. कारखान्याचं आणि टोळीच्या मुकादमाचं नाव अर्जातच लिहा, म्हणजे तिथल्या पत्त्यावर बजावणी मागता येते.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. पत्नी पुण्याला नोकरी करते. दीड वर्षापासून वेगळे राहतो. मुलगा सहा वर्षांचा, तिच्याकडे. भांडण नाही, पण जमलं नाही. दोघांच्या संमतीनं मोकळं व्हायचं आहे. किती दिवस लागतील? वडिलांच्या नावे अकरा एकर वडिलोपार्जित जमीन आहे, तिला हिस्सा द्यावा लागेल का? आई म्हणते, दोघांत एकच वकील करा, खर्च वाचेल.

उत्तर : सर, तुमच्या आईंचा हिशेब घरखर्चाला बरोबर आहे, इथं चुकतो. पुढं एखाद्या अटीवर वाद झाला तर तो एक वकील कोणाचा? तिचा वेगळा असू द्या. उद्या ती "मला समजावूनच सांगितलं नाही" म्हणाली, तर त्याचा त्रास तुम्हालाच.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली, निदान एक वर्ष वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा. मग सहा महिने थांबायचं, आणि पुन्हा दोघांनी येऊन "आमचं तेच मत आहे" म्हणायचं. अर्जापासून अठरा महिन्यांच्या आत हे व्हावं लागतं. हे सहा महिने माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं, पण अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळे राहिलेले असावेत, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत आणि पोटगी, मुलाचा ताबा सगळं खरोखर मिटलेलं असावं. तुम्ही त्यात बसता. पहिल्या हजेरीनंतर आठवड्यानं माफीचा अर्ज देता येतो. मंजूर करायचा की नाही ते न्यायाधीशांच्या हातात.

निकाल होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागं घेऊ शकतं. तिच्या नावे एकरकमी जी काही रक्कम ठरली असेल ती सगळी पहिल्या दिवशी देऊ नका, आणि सगळी शेवटावरही ठेवू नका. निम्मी पहिल्या हजेरीला, निम्मी दुसऱ्या हजेरीला, दोन्ही बँकेतून. तिच्या माहेरचं सोनं तिचं, तो सौद्याचा भाग नव्हे. सोन्याची यादी तोळ्यामासांसह अटींमध्ये लिहा. "दागिने परत दिले" एवढ्या तीन शब्दांवर मी पुढची चार वर्षं कोर्टात काढलेली माणसं पाहिली आहेत.

जमिनीत तिला हिस्सा नाही. घटस्फोटानं बायको नवऱ्याच्या शेताची मालक होत नाही. कोर्ट कायम पोटगी ठरवताना नवऱ्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवू शकतं, सातबाऱ्याच्या इतर हक्कात तो चढतो. पण तुमचा सातबारा अजून वडिलांच्या नावे आहे. खरा प्रश्न मुलाचा आहे. वडिलोपार्जित जमिनीत त्याचा जन्मानं हक्क आहे आणि तुम्हा दोघांच्या अटींनी तो पुसला जात नाही. "मुलाची पोटगी मागणार नाही" असं आईनं लिहून दिलं तरी मुलाच्या वतीनं नंतर मागता येते. म्हणून असली कलमं घालून कागद फुगवू नका. त्याऐवजी उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुटीत मुलगा किती दिवस लातूरला, नेणार-आणणार कोण, फी कोण भरणार, फोन कोणत्या वेळी, हे लिहा. या बारीक गोष्टींवरच पुढं भांडणं होतात, सर. हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल हातात येईपर्यंत पुढच्या स्थळाला होकार देऊ नका. आपल्याकडे स्थळं कोर्टापेक्षा लवकर येतात.

प्रश्न : मी मुस्लिम आहे, पूर्णा तालुक्यातली. शौहरनं व्हॉट्सअपवर तीनदा तलाक लिहून पाठवला. माझं लग्न तुटलं का?

उत्तर : नाही, आपा. एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ च्या कायद्यानं बेकायदा आणि निरर्थक आहे, लेखी असो की मोबाइलवर, आणि देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार तुम्ही किंवा तुमचे नातलग करू शकतात. तो मेसेज पुसू नका, फोनही बदलू नका. तुम्हाला आणि मुलांना निर्वाहभत्ता, लहान मुलांचा ताबा, हे त्याच कायद्यात आहे. तुम्हालाच मोकळं व्हायचं असेल तर खुला, म्हणजे बायकोनं मागितलेला तलाक, आहे, किंवा १९३९ च्या कायद्याखाली कोर्टात जाता येतं : दोन वर्षं खर्च न देणं, छळ, चार वर्षं पत्ता नसणं ही त्यातली कारणं. तलाक झालेली मुस्लिम बाईही एकशे पंचवीसची पोटगी मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलं. निकाहनामा शोधून ठेवा, मेहरची, म्हणजे निकाहात नवऱ्यानं कबूल केलेली, रक्कम त्यावर आहे.

प्रश्न : लग्न सोलापूरला, नवरा पुण्याला, मी किनवटला आईकडे. त्यानं पुण्यात घटस्फोटाचा दावा टाकलाय. मी तारखांना कशी जाऊ?

उत्तर : नोटीस घेण्याचं टाळू नका, ती पहिली चूक होईल. गैरहजर राहिलात तर एकतर्फी निकाल लागेल, तो रद्द करायला तीस दिवसांत धावावं लागेल. बायकोला आपण राहतो तिथं दावा करता येतो, २००३ च्या दुरुस्तीपासून. तुम्ही तुमचा अर्ज राहता तिकडेच करा आणि पुण्याचा दावा वर्ग करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात बदली अर्ज द्या. तोवर पुण्याच्या कोर्टात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली जाण्यायेण्याचा आणि वकिलाचा खर्च मागा. लहान लेकरू असेल तर अर्जात त्याचं वय नक्की लिहा.

माजलगावहून एक पाकीट आलं आहे, त्यावर ना नाव ना पत्ता. आत बाँडची झेरॉक्स आणि एकच ओळ : "हे खरं का?" ताई, झेरॉक्स फक्त पुढच्या पानाची आहे. मागच्या पानाची पाठवा.